लोफोटेन बेटे

नॉर्वेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे वसलेला द्वीपसमूह व त्या देशातील एक प्रमुख पर्यटनक्षेत्र. क्षेत्रफळ सु. १,२२७ चौ. किमी.; लोकसंख्या सु. २५,००० (२०२३). प्रशासकीय दृष्ट्या ही बेटे नॉर्लान परगण्यात मोडतात व त्यांचे सहा नगरपालिका-विभाग पडतात. ऑस्टव्होगोय, गिमसोय, व्हेस्टव्होगोय, फ्लाक्स्टाडोय व मॉस्केनेसोय ही पाच मोठी बेटे एकापुढे एक अशी ईशान्य-नैर्ऋत्य दिशेत पसरलेली असून त्यांच्या टोकाशी, खुल्या समुद्रात व्हॅरोय व रोस्ट ही लहान बेटे आहेत. व्हेस्टफ्योर्ड या विस्तीर्ण आखाताने हा द्वीपसमूह नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून अलग झाला आहे. स्व्होल्व्हॅर हे येथील मुख्य शहर व बंदर, तर लेकनेस हे व्यापाराचे दुसरे केंद्र होय. ‘लोफोटेन’ हे मूळचे व्हेस्टव्होगोय या एकाच बेटाचे नाव असून ‘लिंक्स या रानमांजराचा पाय’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. पुढे ते सबंध द्वीपसमूहास लागू झाले.

समुद्रातून सरळ वर उठलेले कडे, त्यांच्या पायथ्याशी पाण्यात खांब रोवून उभारलेली लाल रंगाची घरे, उन्हाळ्यात मध्यरात्री दिसणारा सूर्य व हिवाळ्यातील ध्रुवीय प्रकाश यांसाठी लोफोटेन जगभर प्रसिद्ध आहे. तथापि येथील वसाहत, तिची घरे, चर्चे, रस्ते, कायदे आणि खाद्यपदार्थ या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : दरवर्षी हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी येणारा कॉड मासा. हे ध्यानी घेतल्यास प्रवाशाला येथे काय, केव्हा व कोठे पाहावे, हे नेमके ठरविता येते.

भूवर्णन : लोफोटेनचे खडक अतिप्राचीन असून त्यांपैकी काहींचे वय तीन अब्ज वर्षांच्या आसपास आहे. सु. १८० कोटी वर्षांपूर्वी या जुन्या खडकांत शिलारस घुसून थंड झाला. आजची बहुतेक शिखरे त्यापासून बनलेल्या कठीण अग्निज खडकांची आहेत. हिमयुगांत हिमनद्यांनी हे डोंगर सर्व बाजूंनी कोरून काढले. त्यामुळे वाडग्याच्या आकाराची हिमगव्हरे, त्यांच्या तळाशी साठलेली सरोवरे, दोन गव्हरांमधील धारदार कडा आणि सुळक्यांसारखी शिखरे अशी भूरूपे येथे सर्वत्र आढळतात. सर्वोच्च शिखर हिग्राव्हस्टिंडेन (१,१०० मी.पेक्षा अधिक) हे ऑस्टव्होगोय बेटावर आहे. ही उंची फार नसली, तरी डोंगरांचा पायथा समुद्रसपाटीलाच असल्याने ती प्रत्यक्षाहून अधिक भासते. डोंगर व समुद्र यांमधील अरुंद, सखल पट्टीवरच वस्ती, शेते व रस्ते सामावलेले आहेत.

मॉस्केनेसोय व व्हॅरोय या बेटांदरम्यानच्या सामुद्रधुनीत मॉस्कस्ट्राउमेन हा प्रबळ भरती-प्रवाह वाहतो. भरतीचे पाणी व्हेस्टफ्योर्डमध्ये भरताना व ओहोटीला बाहेर पडताना आखात आणि खुला समुद्र यांच्या पातळींत फरक पडतो व पाणी ४० ते ६० मी. खोलीच्या उंबरठ्यावरून वेगाने ढकलले जाते. वारा प्रवाहाच्या उलट दिशेने वाहत असेल, तर येथे मोठे भोवरे व धोकादायक लाटा उत्पन्न होतात. ओलाउस मॅग्नस याने १५३९ च्या आपल्या नकाशात हा भोवरा दाखविला होता. एडगर ॲलन पो याची १८४१ मधील कथा व झ्यूल व्हेर्न याची सागरतळावरील कादंबरी यांमुळे तो साहित्यातही अजरामर झाला. जहाजे गिळणारा भोवरा हे त्यांतील वर्णन अतिशयोक्त असले, तरी स्थानिक कोळी आजही भरतीची वेळ पाहूनच या पट्ट्यात नाव घालतात. रोस्टच्या पश्चिमेस, ३०० ते ४०० मी. खोलीवर, थंड पाण्यातील प्रवाळांची एक प्रचंड भित्ती २००२ साली आढळून आली. तिची लांबी ३५ किमी.हून अधिक आहे.

हवामान : याच अक्षांशावरील ग्रीनलंड व सायबीरिया हे प्रदेश हिवाळ्यात गोठलेले असतात. लोफोटेनचा किनारा मात्र उत्तर अटलांटिक या उष्णोदकी प्रवाहामुळे वर्षभर बर्फमुक्त राहतो. हिवाळ्यातील सरासरी तापमान ०° से.च्या आसपास असते आणि व्हॅरोय व रोस्ट येथे ते त्याहून किंचित अधिकच भरते. उन्हाळा शीतल असून जुलैचे सरासरी तापमान १२° ते १३° से. असते. पाऊस वर्षभर, परंतु शरद ऋतूत व हिवाळ्यात अधिक पडतो. नैर्ऋत्येकडून येणारी वादळे अचानक उद्‌भवतात आणि एका दिवसात ऊन, पाऊस व हिमवर्षाव हे तिन्ही अनुभवास येऊ शकतात. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही. या काळातही दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो. संपूर्ण काळोख पडत नाही.

कॉड व सुकी मासळी : उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात वाढलेला कॉड प्रजननक्षम झाला, की शेकडो किमी.चा प्रवास करून जानेवारी ते एप्रिल या काळात व्हेस्टफ्योर्डमध्ये येतो. या स्थलांतरी माशाला ‘स्क्राय’ म्हणतात. ‘भटकणारा’ या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून हे नाव पडले आहे. आखातातील वरचे थंड पाणी व खालचे उबदार पाणी यांच्या सीमेवरील ४° ते ६° से. तापमानाचा थर अंडी घालण्यास अनुकूल असतो. एक मोठी मादी लक्षावधी अंडी घालते. ही अंडी व पिले किनारी प्रवाहाबरोबर पुन्हा उत्तरेस वाहत जातात आणि काही वर्षांनी वाढलेले मासे त्याच मार्गाने परततात.

मासा ज्या महिन्यांत येतो, त्याच महिन्यांतील हवा तो सुकविण्यासही योग्य असते, हा लोफोटेनला लाभलेला दुर्मिळ योग होय. मासळीचे डोके व आतडी काढून दोन-दोन मासे शेपटीशी बांधतात आणि ते लाकडी मांडवांवर टांगतात. कोकण किनाऱ्यावर बोंबील वाळविण्यासाठी उभारतात त्यासारखेच हे मांडव असले, तरी त्यांमागील कारण वेगळे आहे. कोकणात ऊन मासळी वाळविते, तर येथे ते काम थंड वारा करतो. तापमान गोठणबिंदूच्या जरा वर राहिल्याने मासा कुजत नाही व त्यावर माश्याही बसत नाहीत. उलट कडाक्याची थंडी पडली, तर मांसातील पाणी गोठून त्याचे तंतू फाटतात व माल निकृष्ट होतो. फेब्रुवारी ते मे या काळात, मीठ न लावता, माशातील बहुतेक पाणी निघून जाते व लाकडासारखा कडक, वर्षानुवर्षे टिकणारा पदार्थ तयार होतो. त्याला नॉर्वेजियन भाषेत ‘टोरफिस्क’ म्हणतात. जूनच्या सुमारास माल उतरवून काही आठवडे कोठारात मुरू देतात. त्यानंतर अनुभवी पारखी प्रत्येक मासा हाताळून, हुंगून व उजेडाकडे धरून त्याची प्रत ठरवितो. उत्तम प्रतीचा माल मुख्यत्वे इटलीत जातो, तर वाळविलेली डोकी नायजेरियात रश्शासाठी मोठ्या प्रमाणात खपतात. बायफ्राच्या युद्धात (१९६७–७०) अन्नसाहाय्य म्हणून पाठविलेल्या मासळीमुळे तेथील मागणी आणखी वाढली. लोफोटेनच्या सुक्या मासळीला २०१४ साली यूरोपीय संघाचे भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले.

इतिहास : मॉस्केनेसोयच्या निर्जन पश्चिम किनाऱ्यावरील एका गुहेत सु. तीन हजार वर्षांपूर्वीची, लाल रंगातील मनुष्याकृतींची चित्रे १९८७ साली आढळली. व्हायकिंग काळात व्हेस्टव्होगोयवरील बॉर्ग हे एका बलाढ्य सरदाराचे ठिकाण होते. १९८१ साली एका शेतकऱ्याच्या नांगराला लागलेल्या अवशेषांवरून त्याचा शोध लागला. पुढील उत्खननात ८३ मी. लांबीच्या दीर्घगृहाचा पाया मिळाला. त्या काळातील याहून लांब घर अन्यत्र सापडलेले नाही. सोन्याच्या पत्र्यावरील लहान आकृती व परदेशी काचपात्रांचे तुकडे यांवरून येथील लोकांचे दूरवरचे व्यापारी संबंध सूचित होतात.

आजच्या काबेलव्होगजवळील व्होगान हे उत्तर नॉर्वेतील पहिले नगर समजले जाते. राजा ऑयस्टाइन माग्नुसॉन याने बाराव्या शतकाच्या आरंभी येथे चर्च व बाहेरगावच्या कोळ्यांसाठी निवाऱ्याची घरे बांधविली. सुकी मासळी बर्गेन बंदरात जाई व तेथून चौदाव्या शतकापासून हॅन्सिॲटिक संघाचे जर्मन व्यापारी ती यूरोपभर पोहोचवीत. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या ख्रिस्ती यूरोपात तिला मोठी मागणी होती. क्रीटहून १४३१ साली निघालेला व्हेनिसचा व्यापारी प्येत्रो क्वेरीनी याचे जहाज वादळात सापडले व मूठभर साथीदारांसह तो १४३२ च्या जानेवारीत रोस्टजवळच्या एका बेटाला लागला. कोळ्यांनी त्यांना आश्रय दिला. त्याने लिहिलेला वृत्तांत हा मध्ययुगीन लोफोटेनमधील जीवनाचा बहुमोल पुरावा होय. व्हेनिसच्या परिसरात सुक्या कॉडचे पदार्थ आजही आवडीने खाल्ले जातात व परंपरा त्यांचा संबंध क्वेरीनीशी जोडते.

मासळी विपुल असली, तरी कोळी मात्र दीर्घकाळ दरिद्रीच राहिला. धक्के, घरे, दुकाने व मासळीची खरेदी हे सर्व गावमालकांच्या हाती एकवटलेले असे. १८१६ च्या कायद्याने त्यांना किनाऱ्यालगतच्या समुद्रावरही अधिकार मिळाला. १८५७ च्या कायद्याने तो काढून घेऊन मासेमारी सर्वांस खुली केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हंगामात तीस हजारांवर कोळी येथे जमत. १८९० साली ट्रोलफ्योर्ड या चिंचोळ्या फ्योर्डात शिरलेली मासळी वाफेच्या जहाजांनी मोठ्या जाळ्यांनी कोंडून धरली, तेव्हा वल्ह्यांच्या नावांतील कोळ्यांनी त्यांवर चाल केली. ‘ट्रोलफ्योर्डची लढाई’ म्हणून ओळखला जाणारा हा संघर्ष स्व्होल्व्हॅरचा चित्रकार गुन्नार बर्ग (१८६३–९३) याने रंगविला व कादंबरीकार योहान बोयर याने आपल्या १९२१ मधील कादंबरीत वर्णिला. त्यानंतर अशा जाळ्यांवर बंदी आली. १९३८ च्या कायद्याने मासळीची किमान किंमत ठरविण्याचा अधिकार कोळ्यांच्या विक्रीसंघास मिळाला व गावमालकांची सद्दी संपली.

मासेमारीच्या गरजेतूनच १८६१ साली येथे तारायंत्राची सोय झाली, तर १९०६ साली सोरव्होगेन व रोस्ट यांदरम्यान उत्तर यूरोपातील पहिली बिनतारी संदेशव्यवस्था सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात माशांच्या तेलापासून मिळणारे ग्लिसरीन जर्मनीला स्फोटकांसाठी उपयोगी पडत असल्याने ४ मार्च १९४१ रोजी ब्रिटिश व नॉर्वेजियन सैनिकांनी स्व्होल्व्हॅर, हेनिंग्सव्हॅर, स्टामसुन व ब्रेट्टेसनेस येथे छापा घालून तेलाचे कारखाने नष्ट केले. या छाप्यात जर्मनांच्या एनिग्मा या संकेतयंत्राची काही चक्रेही हाती लागली.

पर्यटन : (अ) प्रवासाचे मार्ग व हंगाम : बूदो येथून मॉस्केनेसला तीन-चार तासांत नौका पोहोचते, तर स्व्होल्व्हॅर व स्टामसुन ही १८९३ पासून चालत आलेल्या किनारी जहाजसेवेची थांबण्याची ठिकाणे आहेत. स्व्होल्व्हॅर व लेकनेस येथे लहान विमानतळ आहेत. व्हॅरोयला बूदोहून हेलिकॉप्टर जाते. २००७ साली पूर्ण झालेल्या रस्त्यामुळे मुख्य भूमीवरून, नौकेचा आधार न घेता, पूल व बोगद्यांच्या साहाय्याने मोटारीने येता येते. ई-१० हा राजमार्ग पाचही मोठ्या बेटांवरून जातो. स्व्होल्व्हॅरपासून त्याच्या अखेरच्या ओ या गावापर्यंतचे अंतर केवळ सु. १३० किमी. आहे. तथापि वाटेतील स्थळे पाहावयाची, तर त्यासाठी चार-पाच दिवस हवेत.

मध्यरात्रीचा सूर्य पाहण्यासाठी जून व जुलैचा पूर्वार्ध, तर ध्रुवीय प्रकाशासाठी सप्टेंबर ते मार्च हा काळ योग्य होय; मेच्या अखेरीपासून रात्रच नसल्याने तो दिसण्याचा संभव नसतो. बहुसंख्य पर्यटक उन्हाळ्यात येतात. त्यांना मासळीचे मांडव रिकामे व बंदरे निवांत आढळतात. लोफोटेनचे खरे जीवन पाहावयाचे असल्यास मार्च हा महिना उत्तम. त्या वेळी दिवस पुरेसा मोठा झालेला असतो, रात्री ध्रुवीय प्रकाशाचा संभव असतो, नावा पहाटे निघून दुपारी भरून परततात व मांडव माशांनी लदलेले असतात. याच महिन्यात स्व्होल्व्हॅर येथे कॉड पकडण्याची जागतिक स्पर्धा भरते. हंगामात धक्क्याजवळच्या शेडमध्ये शाळकरी मुले माशांच्या जिभा कापून विकताना दिसतात. परंपरेने मुलांकडे आलेले हे काम असून त्याची कमाई त्यांची स्वतःची असते. उकडलेला ताजा स्क्राय, त्याची गाभोळी व यकृत हे एकत्र वाढलेले जेवण या दिवसांतील खास पक्वान्न होय.

(आ) प्रमुख स्थळे : स्व्होल्व्हॅर येथे महायुद्धविषयक संग्रहालय, कलाकेंद्र व बर्गची चित्रे पाहावयास मिळतात. शहरामागील ‘स्व्होल्व्हॅरगायटा’ (स्व्होल्व्हॅरची शेळी) हा दोन शिंगांसारखी टोके असलेला सुळका गिर्यारोहकांचे आकर्षण आहे. तो १९१० साली प्रथम सर करणाऱ्या तिघांपैकी कार्ल विल्हेल्म रुबेनसन याने त्यापूर्वी, १९०७ साली, सिक्कीममधील काब्रू शिखरावर चढाईचा प्रयत्न केला होता. स्व्होल्व्हॅरहून ट्रोलफ्योर्डला नौका जातात. सु. २ किमी. लांबीच्या या फ्योर्डाचे मुख जेमतेम १०० मी. रुंद आहे, वाटेत पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड हमखास दिसतात.

काबेलव्होग येथील लाकडी चर्च (१८९८) ‘लोफोटेनचे कॅथीड्रल’ म्हणून ओळखले जाते. लहानशा गावाच्या मानाने त्यातील सु. १,२०० आसने विस्मयकारक वाटतात. परंतु ती हंगामी कोळ्यांसाठी होती, हे कळले म्हणजे त्याचा उलगडा होतो. जवळच्या जुन्या व्होगानच्या जागी प्रादेशिक संग्रहालय व मत्स्यालय आहे. हेनिंग्सव्हॅर हे अनेक लहान बेटांवर वसलेले मोठे मासेमारी केंद्र १९८३ मध्ये पुलाने जोडले गेले. व्हेस्टव्होगोयवरील बॉर्ग येथे सरदाराच्या घराची पूर्णाकृती प्रतिकृती १९९५ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील एग्गुम व उटाक्लाइव्ह येथून मध्यरात्रीचा सूर्य थेट समुद्रावर दिसतो. दक्षिण किनाऱ्यावरून तो डोंगरांआड जातो. उन्स्टाड येथील पुळणीवर हिवाळ्यातही लाटांवरील फळीचा खेळ चालतो.

फ्लाक्स्टाडोयवरील नुसफ्योर्ड हे गाव १९७५ च्या यूरोपीय वास्तुवारसा वर्षात नॉर्वेतर्फे आदर्श प्रकल्पांपैकी एक म्हणून निवडले गेले. येथे ‘रोर्बू’ नावाची कोळ्यांची घरे मूळ रचनेत पाहता येतात. ‘रो’ म्हणजे वल्हविणे व ‘बू’ म्हणजे निवारा. अर्धे पाण्यावर, अर्धे खडकावर उभ्या असलेल्या या घराच्या दर्शनी खोलीत जाळी व दोर आणि आतल्या खोलीत एका नावेचे सर्व कोळी दाटीवाटीने राहत. १९६० नंतर ही घरे पर्यटकांस भाड्याने देण्याची प्रथा वाढली आणि आता नव्याने बांधलेल्या निवासांनाही हेच नाव देतात. मॉस्केनेसोयवरील रायने हे डोंगरांच्या कोंदणातील गाव सर्वाधिक छायाचित्रित झालेले आहे. रस्त्याच्या टोकाचे ओ हे एकाक्षरी नावाचे गाव असून नॉर्वेजियन वर्णमालेतील अखेरचे अक्षर तेच त्याचे नाव आहे. तेथे जुनी बेकरी, लोहारशाळा, नावांचे कोठार व यकृततेलाची भट्टी असलेले ग्रामसंग्रहालय आहे. रोस्ट व व्हॅरोय ही बेटे समुद्रपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. व्हॅरोयवरील, आता ओस पडलेल्या मॉस्टाड येथे कड्यांवरील बिळांतून पफिन पक्षी धरण्यासाठी सहा बोटांच्या पायांचे ‘लुंडेहुंड’ जातीचे कुत्रे पाळत. ही दुर्मिळ जात नामशेष होता होता वाचली. रोस्टवरील पफिनांची संख्या मात्र १९७९ नंतर झपाट्याने घटली आहे. हेरिंग माशाची पिले हे त्यांच्या पिलांचे मुख्य अन्न असून त्याच्या अभावी अनेक वर्षी बहुतेक सर्व पिले दगावली.

(इ) पदभ्रमण व दक्षता : नॉर्वेत १९५७ च्या कायद्यानुसार लागवडीखाली नसलेल्या भूमीवर कोणासही पायी हिंडण्याचा व तंबू ठोकण्याचा हक्क आहे. त्यामुळे उंच वाटा व क्वालव्हिकासारख्या निर्मनुष्य पुळणी सर्वांना खुल्या आहेत. रायनेजवळील रायनेब्रिंगेन (४४८ मी.) या डोंगराची वाट गर्दीने झिजून दगड कोसळू लागल्यावर २०१६ पासून पुढील काही वर्षांत नेपाळी शेर्पांनी तेथे सु. दोन हजार दगडी पायऱ्या रचल्या. मॉस्केनेसोयच्या टोकाचा प्रदेश २०१८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. वाटा लहान असल्या, तरी चढ तीव्र असतो; पावसात खडक व गवत निसरडे होते आणि हिवाळ्यात हिमलोटांचा धोका असतो. जलरोधक कपडे, योग्य पादत्राणे व त्या दिवसाचा हवामान-अंदाज यांशिवाय डोंगरावर जाऊ नये. नौकेतून गळाने मासे धरण्यास परदेशी पर्यटकांना मुभा असली, तरी पकडलेली मासळी देशाबाहेर नेण्यावर शासनाची मर्यादा आहे. सुकत टांगलेली मासळी ही कोणाची तरी वर्षाची मिळकत असते, म्हणून मांडवांवर चढणे वा मासा तोडून घेणे गैर समजले जाते.

समस्या : लोफोटेनपुढील आजचे प्रश्न तीन प्रकारचे आहेत. पहिला खनिज तेलाचा. लोफोटेन, व्हेस्टरोलेन व सेन्या या बेटांसमोरील सागरतळात तेल व वायू असण्याची शक्यता वर्तविली गेली. परंतु तेलगळतीने अंडी व पिलांचा नाश होईल, या भीतीने कोळी व निसर्गसंरक्षकांनी त्यास विरोध केला. २०१९ साली मजूर पक्षाने उत्खननपूर्व पाहणीचा पाठिंबा काढून घेतल्यावर हा प्रस्ताव मागे पडला. दुसरा प्रश्न मासळीचा. नॉर्वे व रशिया संयुक्तपणे बॅरेंट्स समुद्रातील कॉडचा वार्षिक कोटा ठरवितात. साठा घटल्यामुळे २०२५ साठी तो ३,४०,००० टनांवर, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा सु. २५ टक्क्यांनी कमी, आणला गेला. १९९१ नंतर एवढा कमी कोटा कधीही ठरविला गेला नव्हता. शिवाय समुद्र उबदार असलेल्या कालखंडांत कॉड अधिक उत्तरेस अंडी घालतो, असे जुन्या नोंदींवरून दिसते. तापमानवाढीने मासे लोफोटेन ओलांडून पुढे गेले किंवा हिवाळा सौम्य व पावसाळी झाला, तर मासळी व ती सुकविणारी हवा यांचा हजार वर्षांचा मेळ मोडण्याचा धोका संभवतो.

तिसरा प्रश्न पर्यटनाचाच. उन्हाळ्यातील काही आठवड्यांत स्थानिकांच्या अनेक पट पर्यटक येतात. अरुंद रस्ते, वाहनतळ, स्वच्छतागृहे व पायवाटा यांवर ताण पडतो आणि गावांतील घरे सुट्टीतील भाड्यासाठी घेतली गेल्याने तरुण कोळी-कुटुंबांना राहण्यास जागा मिळणे अवघड होते. या खर्चासाठी पर्यटकांच्या निवासावर ३ टक्क्यांपर्यंत कर बसविण्याची मुभा गर्दीच्या नगरपालिकांना देणारा कायदा २०२५ साली नॉर्वेच्या संसदेने संमत केला. मासेमारी व पर्यटन हे दोन्ही व्यवसाय आज परस्परांस पूरक आहेत. मात्र त्यांचे नाते सममूल्य नाही. पर्यटक ज्या घरांत राहतो, जे मांडव पाहतो व जे अन्न चाखतो, ते सर्व मासेमारीने घडविले आहे. ती थांबल्यास डोंगर व समुद्र राहतील, पण लोफोटेन हे जिवंत वसतिस्थान न राहता त्याचे संग्रहालय बनेल. म्हणून मासेमारीचा हंगाम, बंदर व मांडव यांना अग्रक्रम देऊन पर्यटनाची आखणी करावी, असे धोरण येथील नगरपालिकांपुढे येत आहे. उन्हाळ्याची गर्दी टाळून हिवाळ्याच्या अखेरीस येणारा व गावात काही दिवस मुक्काम करणारा प्रवासी या धोरणास नकळत हातभार लावतो आणि त्याला स्वतःलाही लोफोटेनचे अधिक यथार्थ दर्शन घडते.